हरणाच्या शिकारीसाठी पहिला चाकू घेताना

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात नोव्हेंबरमधल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी बंदुकीनं हरीण मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. ऑफिसातला एखादा सहकारी, मुलाच्या मित्राचे वडील किंवा शेजारचे आजोबा "यंदा येतोस का?" म्हणून विचारतात, आपण हो म्हणून बसतो आणि पहिली खरेदी म्हणून चाकू शोधायला निघतो. दुकानात एक अख्खी भिंत चाकूंनी भरलेली असते. त्यातले निम्मे बघायलाच बनवलेले असतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

घाईत असाल तर एवढंच करा. चार इंचाच्या आत-बाहेर पात्याचा, घडी न होणारा, साधा चाकू घ्या आणि वाचलेले पैसे धार लावायच्या दगडावर घाला. वेळ असेल तर पुढचं वाचा.

हा लेख शिकार कायदेशीर असलेल्या ठिकाणी राहणाऱ्यांसाठी आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. शेतात घुसणाऱ्या रानडुकराचा बंदोबस्तसुद्धा वनखात्याच्या परवानगीशिवाय करता येत नाही. तेव्हा गावाकडच्या कुणाला हा लेख पाठवून भरीला घालू नका.

१. आधी काम समजून घ्या

शिकारीचा चाकू मारण्यासाठी नसतो. ते काम गोळी किंवा बाण करतो. चाकू म्यानातून निघतो तो हरीण पडल्यावर, जागच्या जागी पोट उघडून आतडी-कोठा बाहेर काढायला. इकडे त्याला फील्ड ड्रेसिंग म्हणतात. ते लवकर उरकावं लागतं, कारण जाड कातडीखाली शरीराची ऊब कोंडून राहते आणि बाहेर बर्फ असलं तरी आत मांस बिघडायला लागतं.

काम साधारण असं चालतं. हरीण उताणं करायचं. ओटीपोटाजवळ कातडीला लहान चीर द्यायची. दोन बोटं आत घालून कातडी वर उचलायची आणि त्या दोन बोटांच्या मधून, धार आकाशाकडे ठेवून, चाकू छातीच्या हाडापर्यंत सरकवत न्यायचा. धार खाली केली की टोक जठरात नाहीतर मूत्राशयात घुसतं आणि आतला घाण रस मांसावर पसरतो. पुढे गुदद्वाराभोवती गोल कापून आतड्याचं शेवटचं टोक मोकळं करायचं. छाती आणि पोट यांच्यामधला पातळ पडदा बरगड्यांच्या कडेनं कापायचा. शेवटी दोन्ही हात छातीच्या पिंजऱ्यात खोल घालून एका हातानं श्वासनलिका धरायची आणि दुसऱ्या हातानं ती वरच्या बाजूला कापायची.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. दोन्ही हात आत, रक्तानं निसरडे, बोटं गारठलेली, डोळ्यांना काही दिसत नाही, आणि एका हातात उघडं पातं. चाकू निवडताना हीच घडी डोळ्यांसमोर ठेवा. लांबी, टोक, मूठ, सगळ्याचं उत्तर तिथे मिळतं.

२. पात्याची लांबी आणि जाडी

साडेतीन ते चार इंच पुरे. पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी याहून मोठं पातं लागत नाही. सहा इंची पात्याचे चाकू दिसायला रुबाबदार असतात. बक कंपनीचा ११९ हा त्यातला नावाजलेला. पण छातीच्या पिंजऱ्यात ते वाढीव दोन इंच कुठे आहेत हे कळत नाही, आणि तिथेच तुमचा दुसरा हात असतो.

आपल्याकडच्या मटणाच्या दुकानात खाटकाचे हात आठवा. सत्तूर तो फक्त हाडासाठी उचलतो. कातडं सोलायला, सांधा मोकळा करायला, चरबी काढायला त्याच्या हातात लहानशी सुरीच असते, तीही झिजून झिजून अरुंद झालेली.

जाडी पाठीकडून बघा. अडीच ते साडेतीन मिलिमीटर ठीक. 'सर्व्हायव्हल' नावाखाली सहा-सहा मिलिमीटर जाडीचे, पाठीला करवतीचे दाते असलेले चाकू विकतात. ते मांसात शिरत नाहीत, मांस फाकवतात. वरचे दाते केसांत आणि आतड्यात अडकतात.

"मग कमरेचं हाड कसं फोडायचं?" नवखे हमखास विचारतात. चाकूनं फोडायचं नाही. बरेच जण ते हाड फोडतच नाहीत, भोवतीनं कापून काम भागवतात. फोडायचंच असेल तर घडीची लहान करवत सोबत ठेवा. चाकूच्या पाठीवर दगड मारून हाड चिरणं म्हणजे पात्याचा तुकडा पाडण्याची खात्रीशीर रीत.

३. टोकाचा आकार

पाठ हळूहळू उतरत येऊन टोक पात्याच्या मध्याच्या जवळ येतं, त्या आकाराला ड्रॉप पॉइंट म्हणतात. अमेरिकन चाकू कारागीर बॉब लव्हलेस यांनी तो शिकारी चाकूंत लोकप्रिय केला. यात टोक फार अणकुचीदार नसतं, त्यामुळे पोट उघडताना आत रुतण्याची भीती कमी. पहिला चाकू याच आकाराचा घ्या.

क्लिप पॉइंटमध्ये पाठ टोकाकडे खाच दिल्यासारखी कापलेली असते. टोक बारीक आणि तीक्ष्ण. सरावलेल्या हाताला चालतं, नवख्या हाताला जठर फोडायला मदत करतं. स्किनर म्हणजे पोटाकडे खूप गोलाई असलेलं पातं. हरीण टांगून कातडं सोलायला छान, पण एकच चाकू घ्यायचा तर तो हा नाही.

पाठीवर आकडा असलेले, गट हुकवाले चाकू नवख्यांना फार आवडतात. आकडा कातडीत अडकवून ओढला की चेनसारखं पोट उघडतं, हे खरं. पण त्यात केस गच्च बसतात, त्या आकड्याला घरी धार लावणं किचकट असतं आणि बोथट झाला की तो नुसता अडथळा. दोन बोटांची रीत एकदा जमली की त्याची आठवणही येत नाही.

४. घडीचा, अखंड की बदलत्या पात्याचा

बक ११० हा घडीचा चाकू १९६४ साली आला आणि अमेरिकेत घराघरात पोचला. पितळी टोकं, लाकडी मूठ, उघडल्यावर पातं जागच्या जागी पक्कं बसवणारी कळ. कुणाच्या वडिलांकडून मुलाकडे आलेला ११० बघितला की मोह होतोच. पण घडीच्या चाकूत रक्त, चरबी आणि केस बिजागरीत जातात आणि टूथब्रश, दातकोरणं घेऊन बसलं तरी पूर्ण निघत नाहीत. विस्कॉन्सिनसारख्या राज्यात याला आणखी एक गंभीर बाजू आहे, ती धुण्याच्या टप्प्यात सांगतो.

शस्त्रक्रियेच्या पात्यासारखी बदलती पाती बसणारे चाकूही मिळतात, हॅवलॉनचे प्रसिद्ध आहेत. धार वस्तऱ्यासारखी असते. मात्र पातं पातळ असल्यानं सांध्यात जरा मुरड पडली की तुकडा मोडतो, आणि तो तुकडा मांसात सापडेपर्यंत जीव टांगणीला. रक्ताळलेल्या बोटांनी पातं बदलायलाही जाऊ नका, पकड वापरा. कातडं सोलायला हा दुसरा चाकू म्हणून उत्तम आहे.

पहिला चाकू मात्र अखंडच घ्या. पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं असेल, म्हणजे फुल टँग असेल, तर सर्वांत भक्कम. पण त्यावरच अडून बसू नका. स्वीडनच्या मोरा गावचे स्वस्त चाकू फुल टँग नसतात, तरी हरणाच्या कामाला वर्षानुवर्षं टिकतात. मोराचा कम्पॅनियन, साधारण दहा सेंटिमीटर पात्याचा, वीस-तीस डॉलरच्या घरात मिळतो. नव्या माणसानं पहिल्या हंगामाला तोच घ्यावा असं मी सुचवतो. तो सुंदर अजिबात नाही.

५. पोलाद

इथे लोक सर्वांत जास्त वेळ घालवतात आणि इथेच सर्वांत कमी फरक पडतो. तरी दुकानदारापुढे गोंधळ होऊ नये म्हणून ढोबळ ओळख:

१०९५ हे कार्बन पोलाद आहे, त्यात सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो. झटकन धार घेतं, पण ओलं राहिलं की गंजतं. आपल्या घरच्या जुन्या लोखंडी विळीची निगा ज्यांनी राखली आहे त्यांना हे नवीन नाही: वापरा, धुवा, पुसा, तेलाचं बोट फिरवा.

४२० एचसी हे साधं स्टेनलेस, बक बहुतेक चाकूंत हेच वापरतं. क्रोमियम सुमारे १३ टक्के, गंजायला कां-कूं करतं, धार घरी सहज लागते. कागदावर सामान्य दिसतं, पण नीट पाणी दिलेलं (तापवून, थंड करून कडक केलेलं) असेल तर हरणाला भरपूर.

डी२ मध्ये सुमारे दीड टक्का कार्बन. धार खूप टिकते, पण गेली की दगडावर घाम काढते. क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असूनही त्यातला बराचसा कार्बनबरोबर बांधला जातो, म्हणून ते पूर्ण स्टेनलेस धरत नाहीत.

एस३०व्ही आणि त्याचे भाऊबंद महाग. व्हॅनेडियममुळे झीज फार कमी. एका दिवसात दोन-तीन हरणं सोलणाऱ्याला उपयोग. वर्षाला एक हरीण मिळालं तर पेढे वाटणाऱ्यांना गरज नाही.

कडकपणा रॉकवेल मापात देतात. ५६ ते ५९ च्या दरम्यान असेल तर निर्धास्त राहा. त्याहून खूप मऊ असेल तर धार मुडपते, खूप कडक असेल तर हाडाला लागून टवका उडू शकतो.

दोन सापळे. वेष्टनावर नुसतं 'सर्जिकल स्टेनलेस' लिहिलं असेल आणि पोलादाचं नाव नसेल तर तो चाकू परत भिंतीवर टांगा. आणि लाटालाटांची नक्षी असलेला स्वस्त 'डमॅस्कस' घेऊ नका. चांगलं डमॅस्कस घडवायला कारागिराचे दिवस जातात, ते चाळीस डॉलरला येत नाही. त्या किमतीत नक्षीखाली कोणतं पोलाद आहे हे विकणारालाही ठाऊक नसतं.

६. मूठ

चाकू हातात घेतल्याशिवाय विकत घेऊ नका. ऑनलाइन स्वस्त पडत असला तरी आधी दुकानात जाऊन तोच नमुना धरून बघा. खिशात पातळ रबरी हातमोज्यांची जोडी न्या आणि ते घालून धरा, कारण काम त्याच मोज्यांत होणार आहे. चारही बोटं मुठीवर मावली पाहिजेत. पुढे बोट धारेवर घसरू नये म्हणून थोडा उठाव हवा, पण आडवी मोठी पट्टी नको. ती आत काम करताना अडते. मग चाकू उलटा धरा, धार वर. मूठ तशीही हातात बसली पाहिजे. दुकानात बहुतेक जण फक्त सुलट धरून बघतात.

रबर आणि मायकार्टा (राळेत दाबून घट्ट केलेलं कापड) ओल्या हातात चांगले धरले जातात. गुळगुळीत लाकूड, हाड, शिंग दिसायला देखणं, पण चरबी लागली की सुळसुळीत. रंग नारिंगी मिळाला तर घ्या. पानगळीच्या पाचोळ्यात तपकिरी मुठीचा चाकू ठेवला की तो तिथेच राहतो, अंधार पडल्यावर तर नक्कीच.

७. म्यान

चाकू म्यानात घालून म्यान उलटं करा आणि हलवा. चाकू खाली पडला तर दोन्ही परत द्या. साधं प्लॅस्टिक किंवा कायडेक्स या कडक प्लॅस्टिकचं म्यान, तळाशी पाणी जायला भोक असलेलं, हे व्यवहाराचं. कातड्याचं म्यान रक्त आणि ओल धरून ठेवतं, त्यात महिनाभर पडलेला कार्बन पोलादाचा चाकू लालेलाल निघतो. डावखुरे असाल तर म्यानाचा पट्टा कोणत्या बाजूला बसतो ते बघून घ्या.

८. धार लावायला शिका, चाकू वापरायच्या आधी

नवा चाकू खोक्यातून बाहेर येतो तेव्हाची धार पहिल्या हरणाला बहुधा पुरते. दुसऱ्याला नाही. हरणाचे केस पोकळ आणि मातीनं माखलेले असतात, त्यांच्यावर धार फार लवकर जाते. म्हणून कातडी शक्य तितकी आतून बाहेर कापायची, केसांवरून नाही.

विकत काय घ्यायचं? दोन बाजूंची हिऱ्याची पट्टी, एक बाजू ३०० ते ४०० ची, दुसरी ६०० ते १००० ची (हा दाण्याचा नंबर, जितका मोठा तितका दाणा बारीक). पाण्याचा निसणाही चालतो, पण थंडीत बाहेर न्यायला हिऱ्याची पट्टी सोयीची. शिवाय घरातला जुना चामडी पट्टा.

कोन दर बाजूला साधारण २० अंश. तो मोजायला यंत्र नको. पातं दगडावर काटकोनात उभं करा. अर्धं खाली आणा, ते झाले ४५. पुन्हा अर्धं, साडेबावीस. त्याहून किंचित खाली. आता हा कोन न बदलता, दगडावरून पातळ साल काढल्यासारखं पातं पुढे न्या, मुठीपासून टोकापर्यंत. मोराच्या चाकूला ही कसरतही लागत नाही, कारण त्याचा रुंद उतार दगडावर सपाट टेकवला की कोन आपोआप येतो. नवख्याला तो सुचवण्याचं मोठं कारण हेच.

एका बाजूला घासत राहिलात की पलीकडच्या बाजूला बोटाला बारीक खरखरीत कोर लागते. ती पूर्ण लांबीभर लागेपर्यंत बाजू बदलायची नाही. बहुतेकांची धार इथेच फसते, कंटाळून अर्ध्यात बाजू बदलतात. दोन्ही बाजूंनी कोर आली की बारीक बाजूवर हलक्या हातानं तेच करा आणि शेवटी चामड्यावर पातं मागे ओढत फिरवा. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापा. न अडखळता कापला गेला तर झालं.

दोन फटींतून चाकू ओढायचं स्वस्त यंत्र टाळा, ते धार लावण्यापेक्षा पोलाद खरवडून काढतं. विजेच्या चाकावर घासणाऱ्याकडेही देऊ नका. पात्यावर निळी झाक आली की त्या जागचं पाणी उतरलं, मग तिथे धार टिकत नाही.

पहिला सराव स्वयंपाकघरात करा. अख्खी कोंबडी आणून सांधे मोकळे करा, चामडी सोला. कोंबडीचा सांधा सापडायला लागला की हरणाचाही सापडतो.

९. निघण्यापूर्वी पिशवीत आणि पाकिटात काय हवं

कागदपत्रं (विस्कॉन्सिनची, दुसऱ्या राज्याचे नियम तिथल्या खात्याकडे बघा):

- हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी लागतं.
- हरणाच्या शिकारीचा चालू वर्षाचा परवाना आणि त्या भागाची हरीण मारण्याची परवानगी.
- ओळखपत्र.
- खाजगी जमीन असेल तर मालकाची परवानगी. लेखी घेतलेली बरी.

हरीण मिळालं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत त्याची नोंदणी करायची असते. तो नोंदणीचा दुवा आधीच फोनमध्ये ठेवा.

व्हिसावाल्यांनी इथे थांबून वाचावं. एच-१बी, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला संघीय कायद्यानं मुळात मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. म्हणजे परवाना आधी, बंदुकीला हात नंतर, उसन्या बंदुकीलाही. शंका असेल तर मित्राला न विचारता इमिग्रेशन वकिलाला विचारा.

सामान: चाकू म्यानासह, हिऱ्याची लहान पट्टी, रबरी हातमोज्यांच्या दोन-तीन जोड्या, डोक्याला लावायची बॅटरी, दहा-बारा फूट दोरी, घडीची करवत, कागदी रुमाल, जाड पिशव्या, जखमेवर बांधायला पट्टी आणि कापूस. कंबरेवरच्या कपड्यांपैकी निदान अर्धा भाग भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी असणं बंधनकारक आहे.

मांस घरी आणल्यावर हाडं वेगळी करायला हा चाकू वापरू नका. त्यासाठी खाटकाची लवचीक सुरी वेगळी ठेवा. आणि हरणाचं मांस चरबीदार नसतं. तांबड्या रश्श्यात घालाल तर तेल थोडं सढळ आणि पाठीचा मऊ भाग अजिबात जास्त शिजवू नका.

१०. चाकू धुणं

विस्कॉन्सिनच्या हरणांत २००२ साली क्रॉनिक वेस्टिंग डिसीज पहिल्यांदा सापडला. प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनांमुळे होणारा हा रोग आहे. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण रोग निघालेल्या हरणाचं मांस खाऊ नका असा आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे. प्रिऑन उकळून मरत नाहीत. मेंदू, मणक्यातली दोरी, डोळे, प्लीहा आणि लसिका गाठींमध्ये ते जास्त असतात, तेव्हा कणा आणि डोकं चाकूनं किंवा करवतीनं कापत बसू नका. राज्याचं खातं डोक्याच्या नमुन्याची तपासणी मोफत करून देतं. निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये, नाव-तारीख लिहून, वेगळं ठेवा.

चाकूसाठी पद्धत अशी. आधी साबण आणि ब्रशनं रक्ताचा, चरबीचा कण न् कण काढा, कारण ब्लीच मांसाच्या कणाच्या आत शिरत नाही. मग घरगुती ब्लीच दोन भाग आणि पाणी तीन भाग अशा मिश्रणात पातं पाच मिनिटं बुडवून ठेवा. मोकळ्या हवेत करा, हातमोजे घाला. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी स्टेनलेस तारांवर हे प्रमाण परिणामकारक असल्याचं दाखवलं आहे. नंतर भरपूर पाण्यानं धुवा, लगेच कोरडं करा, तेल लावा. ब्लीच पोलादाला खातं. पाच मिनिटं म्हणजे पाचच.

बिजागरीच्या चाकूला माझा विरोध का, हे इथे कळेल. बिजागरीतली फट, लाकडी मूठ, कातड्याचं म्यान, यांतलं काहीच असं धुता येत नाही.

११. विमान आणि भारतवारी

चाकू हातातल्या बॅगेत चालत नाही, लांबी कितीही असो. सामानात टाकताना म्यानात घालून वरून गुंडाळा, तपासणाऱ्याचा हात कापू नये म्हणून.

भारतात शस्त्र नियम, २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. चार इंची चाकू या मापात बसत नाही. पण महाराष्ट्रात पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात आणि त्यात सार्वजनिक ठिकाणी सुरे बाळगण्यावरही बंदी घालता येते. सह्याद्रीत ट्रेकला न्यायचा असेल तर सॅकच्या तळाशी, म्यानात. लोकलमध्ये किंवा एसटीत कंबरेला लावून फिरायचं नाही.